‘पाठलाग’ कुणाच्या मालकीचा?

समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या गणेश मंडळाने राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ पडद्यावर दाखवायचं ठरवलं. मेलेल्या बायकोसारखी हुबेहूब दिसणारी बाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी, हे आजही जागेवरून उठू देत नाही. पण परवानगी कुणाची घ्यायची, असं कुणी विचारलं की सगळे गप्प!

खरं तर हिशोब बोटांवर होतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम २६: सिनेमा प्रदर्शित झाला, त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. ‘पाठलाग’ १९६४चा, म्हणजे त्याचे हक्क ३१ डिसेंबर २०२४ला संपले. त्यावरून निघालेला ‘मेरा साया’ १९६६चा, त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२६पर्यंत. सोपं आहे ना?

नाही. कलम १३ सांगतं की सिनेमाचा हक्क वेगळा आणि त्यातल्या कथा-गाण्यांचा वेगळा. ही दुसरी मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालते. ‘पाठलाग’ची गाणी गदिमांची. ते १९७७मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७च्या अखेरपर्यंत. सिनेमा जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा, तिचा हिशोब आणखी वेगळा. चित्र मोकळं, गाणं बांधलेलं!

हा गुंता कळमनुरी किंवा सेनगावच्या पोरांनी वकील लावून सोडवायचा का? मुंबईच्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. आपल्याकडे फोन असतो आणि चॅनेल बंद पडायची भीती. त्या भीतीवरच मुदत संपलेली मालकीसुद्धा चालत राहते. निर्मात्याने पैसा घातला, हे मान्य. त्याची वसुली करायला कायद्याने त्याला ६० वर्षं दिली. त्यानंतर सिनेमा लोकांचा, हा त्याच सौद्याचा दुसरा भाग आहे. तो मागणं म्हणजे चोरी नव्हे.

आपल्याकडे कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे कुठली मुदत कधी संपली हे एका जागी सापडत नाही. पण सेन्सॉरकडे प्रमाणपत्रांच्या तारखा आहेत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तेही १९६४चंच. दर १ जानेवारीला मोकळ्या झालेल्या सिनेमांची यादी काढायला काय हरकत आहे? सोबत कथा आणि गाण्यांच्या मुदतीही द्या. आणि सिनेमा लोकांचा झालाय तर त्याची चांगली प्रतही लोकांना बघू द्या. कुलपात ठेवलेला मोकळा सिनेमा काय कामाचा?

तोवर कुणी धमकावलं तर तीन प्रश्न विचारा: हक्क नेमका कशावर, कुठल्या सालापासून आणि कागद कुठे? बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कोर्टात जायची सोय याच कायद्याच्या कलम ६०मध्ये आहे. हे कलमही आपल्यासाठीच आहे.