सहज सुचणाऱ्या गोष्टीवर कोणाची मालकी?

सरकारी रुग्णालयात सकाळी नऊच्या सुमारास केसपेपरच्या खिडकीसमोर रांग वाढत असते आणि नेमका त्याच वेळी प्रिंटरमध्ये कागद अडकतो. कधी पूर्ण पान, कधी अर्धे पान, कधी पावसाळ्याने दमट झालेला गठ्ठा. खिडकीमागचा कर्मचारी ट्रेच्या कडेला पुठ्ठ्याची घडी खोचतो, कागद सरळ राहतो आणि रांग पुढे सरकते. आता समजा, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखानदाराने या पुठ्ठ्याच्या जागी सरकणारी पट्टी आणि स्प्रिंग बसवली, दोन्ही मापांचे कागद घेणारा ट्रे तयार केला आणि पेटंटसाठी अर्ज केला. त्याला पेटंट मिळावे का?

पेटंट कार्यालयातला परीक्षक या अर्जाला तीन मुख्य प्रश्न विचारतो. वस्तू नवी आहे का? ती प्रत्यक्ष तयार करता येते का, उपयोगाची आहे का? आणि तिसरा, सर्वांत अवघड प्रश्न : त्या क्षेत्रातल्या सर्वसाधारण जाणकाराला ती सहज सुचली असती का? अगदी असाच ट्रे पूर्वी कोठे नोंदलेला नसेल, तर पहिला प्रश्न सुटतो. पण सरकणारी पट्टी एका जुन्या यंत्रात होती, स्प्रिंग दुसऱ्यात होती आणि कागद अडकण्याची अडचण सर्वांना ठाऊक होती. मग हाताशी असलेल्या दोन गोष्टी जोडायला वेगळी प्रतिभा कशाला हवी? चांगल्या फिटरला ते चहा संपायच्या आत सुचले असते, असे उत्तर आले तर पेटंट नाकारावे लागते. उलट, दमट कागद न चिकटण्यासाठी त्याने कोणाच्याही अपेक्षेत नसलेली रचना शोधली असेल, तर वीस वर्षांच्या मक्तेदारीवर त्याचा हक्क बनतो.

ही कसोटी आपल्याकडे नवी नाही. मिर्झापूरच्या धातूच्या भांड्यांवरून झालेल्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८मध्ये ती स्पष्ट केली. लेथवर भांडे पक्के पकडून ते घासण्या-चकाकवण्याच्या पद्धतीवर एका उद्योगाने पेटंट घेतले होते. त्यातले भाग कारागिरांना आधीपासून माहीत होते. केवळ कारखान्यात होणारी नेहमीची सुधारणा पेटंटला पुरत नाही, असे सांगत न्यायालयाने ते पेटंट टिकू दिले नाही. लेथवर काम करणाऱ्या कुपवाडच्या कोणत्याही टर्नरला हा निकाल वकिलाशिवाय समजेल.

हा सगळा विषय आरोग्याच्या सदरात कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. ट्रेवर चुकीचे पेटंट दिले गेले तर प्रिंटर थोडा महाग होईल. औषधावर चुकीचे पेटंट दिले गेले तर मात्र कोणाच्या तरी घरातला माणूस उपचारावाचून राहील. ‘हे सहज सुचण्यासारखे होते का’ हा प्रश्न त्या क्षणी कायद्याच्या पुस्तकातून उठून रुग्णाच्या खाटेशी येतो.

सांगली जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. इथल्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इथला हळदीचा बाजार आणि हरिपूरची पेवे त्याआधीपासून प्रसिद्ध आहेत. मात्र मार्च १९९५मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर पेटंट दिले. ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांच्या अर्जावर होते. आपल्याकडे चूल पेटवणाऱ्या प्रत्येक घराला जी गोष्ट माहीत होती, ती तिकडच्या परीक्षकाला नवी वाटली. परीक्षक लबाड नव्हता. त्याच्यासमोरच्या कागदांत ती नोंद नव्हती, इतकेच.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी यावर मोर्चा काढला नाही. परिषदेने १९९६मध्ये पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली आणि सोबत ३२ संदर्भ जोडले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदीतील जुने ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३चा शोधनिबंधही होता. पुढच्याच वर्षी, १९९७मध्ये, त्या कार्यालयाने पेटंटमधले सर्व दावे फेटाळले. ‘आमच्या आजीला हे ठाऊक होते’ या वाक्याने काम झाले नसते. आजीला ठाऊक असलेले कोणीतरी तारखेनिशी लिहून ठेवले होते, म्हणून झाले. या अनुभवातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले आणि आज अनेक देशांचे परीक्षक ते चाळतात.

इथे डॉक्टरी खबरदारीचा एक मुद्दा सांगायलाच हवा. पेटंट रद्द झाले याचा अर्थ हळद प्रत्येक जखमेवरचे औषध ठरली, असा नाही. आणि पेटंट मिळाले असते, तरी ते गुणकारी असल्याचे प्रमाणपत्र ठरले नसते. पेटंट कार्यालय औषध बरे करते की नाही हे तपासत नाही. ते काम औषध नियंत्रकांचे आणि रुग्णांवरील चाचण्यांचे. खोल जखम, गंजलेल्या पत्र्याची जखम किंवा मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम हळद भरून बांधून ठेवू नये. ती वाहत्या पाण्याने धुवावी, रुग्णालयात दाखवावी आणि धनुर्वाताची लस घ्यावी. एखाद्या उत्पादनाच्या डब्यावर ‘पेटंटप्राप्त’ असे छापलेले दिसले, तर त्यावरून एवढेच कळते की कोणीतरी त्यावर मालकी मिळवली आहे.

हळदीचे प्रकरण सर्वांना आठवते. त्याहून जवळचे आणि अधिक गंभीर प्रकरण मुंबईच्या पेटंट कार्यालयात घडले. त्याची चर्चा मात्र व्हायला हवी तेवढी झाली नाही.

आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन मुख्य औषधांना दाद न देणारा क्षयरोग झाला, की पूर्वी रुग्णाला महिनोन्महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शने घ्यावी लागत. ही औषधे कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी मारू शकतात आणि त्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. क्षयरोग बरा होई, पण काही रुग्णांची श्रवणशक्ती कायमची जाई. बेडाक्विलिन या गोळीने ही परिस्थिती बदलली. ती जंतूचा ऊर्जा तयार करण्याचा मार्गच बंद करते. अमेरिकेत तिला डिसेंबर २०१२मध्ये मान्यता मिळाली आणि २०१६पासून ती भारतात मोजक्या केंद्रांवर मिळू लागली. क्षयरोगावर नव्या पद्धतीने काम करणारे औषध अनेक दशकांनी आले होते. त्या मूळ रेणूवर जॉन्सन अँड जॉन्सन समूहाला मिळालेल्या पेटंटविषयी वाद घालण्याचे कारण नाही. तो खरा शोध होता.

वाद पुढच्या अर्जावर होता. मूळ पेटंट भारतात जुलै २०२३मध्ये संपणार होते. पण त्याच रेणूच्या फ्युमरेट या क्षारावर कंपनीने वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता, तर मक्तेदारी आणखी सुमारे चार वर्षे लांबली असती. क्षार म्हणजे काय, हे घरातल्या गोळ्यांच्या पाकिटावर दिसते : मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड, डायक्लोफिनॅक सोडियम. रेणू नीट विरघळावा, टिकावा, त्याची गोळी व्हावी म्हणून औषधनिर्माते माहितीतल्या क्षारांची यादी घेऊन एकेक करून पाहतात. हे त्यांचे रोजचे काम. अमेरिकेतल्या न्यायालयानेही २००७मध्ये हेच ओळखले होते. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनचा आधीचा क्षार गोळ्या पाडताना यंत्राला चिकटत होता, म्हणून कंपनीने बेसिलेट क्षार वापरला आणि त्यावर पेटंट घेतले. माहितीतले क्षार तपासून त्यातला सोयीचा निवडणे हे जाणकाराला सुचणारेच आहे, असे सांगून न्यायालयाने त्यातले दावे रद्द केले. प्रिंटरच्या ट्रेची गोष्ट इथे गोळीच्या यंत्रात घडली.

मुंबईतल्या अर्जाला २०१९मध्ये दोन तरुणींनी विरोध नोंदवला. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघी क्षयरोगातून वाचल्या होत्या आणि उपचारात दोघींची श्रवणशक्ती गेली होती. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था त्यांच्या पाठीशी होती. २३ मार्च २०२३ रोजी, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. त्याच वर्षी भारतीय कंपन्यांना हे औषध बनवण्याचा मार्ग मोकळा झाला. ऑगस्ट २०२३मध्ये जागतिक खरेदी व्यवस्थेतून सहा महिन्यांच्या उपचाराची किंमत निम्म्याहून खाली, १३० डॉलरवर आली. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात हे औषध रुग्णाला मोफत मिळते, हे खरे. पण मोफत म्हणजे फुकट नव्हे. ते पैसे सरकारी तिजोरीतून जातात. एका रुग्णाच्या खर्चात दोघांचा उपचार होऊ लागला, तर वाट पाहणारा दुसरा रुग्ण वाचतो.

कंपन्यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. उत्तर समोर आले की प्रत्येकाला वाटते, यात काय मोठेसे? साखर, मीठ आणि पाणी ही तिन्ही प्रत्येक घरात होती. तरी ठरावीक प्रमाणात मिसळलेले हे द्रावण जुलाबाच्या रुग्णाला वाचवते, हे कळायला आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकत्र शोषले जातात हे आधी शोधावे लागले. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते पटकीच्या रुग्णांना पाजले, तेव्हाही अनेकांचा त्यावर विश्वास नव्हता. म्हणून परीक्षकाने आजच्या शहाणपणाने कालचा अर्ज तपासायचा नसतो. अर्जाच्या दिवशी जाणकाराला काय माहीत होते, एवढेच पाहायचे असते. खऱ्या शोधाला संरक्षण मिळालेच पाहिजे. नाहीतर पुढचे औषध शोधायला पैसे कोण घालेल?

पण त्या दिवशी काय माहीत होते, हे परीक्षकाला सांगणार कोण? एकटा परीक्षक प्रत्येक रुग्णालय, प्रत्येक कारखाना पाहू शकत नाही. म्हणून आपल्या पेटंट कायद्याच्या कलम २५(१)ने कोणत्याही व्यक्तीला पेटंट मंजूर होण्यापूर्वी लेखी विरोध करण्याची मुभा दिली आहे. नंदिता आणि फुमेझा याच दाराने आत आल्या. मार्च २०२४मध्ये नियम बदलले आणि हे दार अरुंद झाले. आता अशा विरोधासाठी शुल्क भरावे लागते आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे का, हे आधी नियंत्रक ठरवतो. अर्ज रखडवण्यासाठी खोटे विरोध दाखल होतात, अशी उद्योगांची तक्रार आहे आणि ती सर्वस्वी चूक नाही. पण त्यावरचा उपाय रुग्णांकडून शुल्क घेणे हा नव्हे. औषधांच्या अर्जांपुरते तरी रुग्ण, रुग्णसंघटना आणि सरकारी डॉक्टर यांना हे शुल्क माफ असावे. विरोध सुनावणीला न घेताच फेटाळला, तर त्याची कारणे लेखी मिळावीत.

दुसरी जबाबदारी आपली स्वतःची आहे. मिरज-सांगलीतल्या रुग्णालयांत आणि कुपवाडच्या कारखान्यांत रोज छोट्या युक्त्या सुचतात. कोणी सलाइनच्या स्टँडला चाक बसवतो, कोणी लहान मुलांच्या नेब्युलायझरचा मास्क घट्ट बसावा म्हणून पट्टी बदलतो. त्यातले बहुतेक लिहिले जात नाही. उद्या तीच युक्ती दुसऱ्याच्या नावाने पेटंट होऊन महागड्या किमतीत रुग्णालयात परत आली, तर ‘आम्ही आधीच करत होतो’ हे सिद्ध करायला कागद नसतो. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांनी अशा सुधारणा छायाचित्र आणि तारखेसह प्रसिद्ध कराव्यात. कोणाला स्वतः पेटंट घ्यायचे असेल, तर त्याने प्रसिद्धीच्या आधी अर्ज करावा. एकदा छापले की सहसा आपल्याच अर्जाची नवता जाते. आणि पेटंट नको असेल, तर छापून सर्वांसाठी मोकळे करावे. मधे ठेवू नये.

हळदीला तिचा १९५३चा निबंध कामाला आला. तो लिहिणाऱ्यांनी त्या वेळी पेटंटचा विचारही केला नसेल. त्यांनी जे पाहिले ते नोंदवून छापले आणि चव्वेचाळीस वर्षांनी त्याने देशाची वस्तू देशाला परत मिळवून दिली. केसपेपरच्या खिडकीमागे पुठ्ठ्याची घडी खोचणाऱ्या कर्मचाऱ्याची युक्तीही कोणीतरी लिहून ठेवायला हवी.