वीट वाहणारी आणि वीट रचणारी



लहान मुलाच्या वाढदिवसाला काय न्यावे, हा प्रश्न आपल्याकडे दुकानाच्या पायरीवरच सुटतो. मुलगा असेल तर मोटार किंवा नट-बोल्ट जोडण्याचा डबा. मुलगी असेल तर बाहुली, नाही तर भातुकली. आता त्यात तिसऱ्या डब्याची भर पडली आहे. तुकडे जोडून घर, दुकान, बाग उभी करण्याचाच खेळ, पण खास मुलींसाठी म्हणून गुलाबी-जांभळ्या रंगात काढलेला. हा डबा मुलीला घ्यावा काय? की रंग बदलून तिला पुन्हा त्याच चौकटीत बसविण्याचा हा व्यापार आहे? आम्हास हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही.

बांधकाम आपल्या आयाबहिणींना नवे नाही. जालना, अंबड, परतूर, मंठा, कोठेही जा. इमारत उभी राहत असेल तेथे डोक्यावर घमेले घेतलेली बाई दिसेल. विटा ती वाहते, वाळू ती चाळते, भिंतीवर पाणी ती मारते. थापी आणि ओळंबा मात्र मिस्तरीच्या हाती. भिंत सरळ आली की नाही हे तो ठरवतो, आणि मजुरीही त्याची जास्त. वीस वर्षे राबलेली बाई बिगारीच राहते आणि काल कामाला लागलेला पोरगा चार वर्षांत मिस्तरी होतो. तिला अक्कल कमी म्हणून हे घडत नाही. ओळंबा तिच्या हाती कोणी दिलाच नाही म्हणून घडते. खेळण्याच्या डब्याकडे आम्ही याच नजरेने पाहतो. तो मुलीला वीट रचायला देतो, की दुसऱ्याने बांधलेल्या घरात नुसता बसवतो?

या डब्यांचा इतिहास बोलका आहे. डेन्मार्क देशातील एका सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करण्यास सुरुवात केली. त्यातूनच लेगो ही कंपनी उभी राहिली. एकावर एक चपखल बसणाऱ्या तिच्या प्लास्टिकच्या विटेचे पेटंट १९५८ सालचे. १९७४ साली कंपनीने पालकांसाठी डब्यात पत्रक घातले. काहीतरी घडविण्याची ओढ मुलगा आणि मुलगी या दोघांतही सारखीच असते, असा त्याचा आशय होता. १९८१ सालच्या तिच्या एका जाहिरातीत साध्या पँटमधील एक मुलगी स्वतः रचलेली वस्तू अभिमानाने दाखविते आहे. विटा तांबड्या, निळ्या, पिवळ्या, म्हणजे सर्वांच्याच.

पुढे हे डबे मुलग्यांकडे झुकत गेले. मग मुलींचे गिऱ्हाईक मिळावे म्हणून २०१२ साली कंपनीने ‘लेगो फ्रेंड्स’ नावाचे संच काढले. त्यात पाच मैत्रिणी, त्यांचे कॅफे, त्यांचे ब्यूटी पार्लर. एका मैत्रिणीची प्रयोगाची खोलीही होती, हे नमूद केले पाहिजे. खप चांगला झाला आणि टीकाही झाली. २०१४ साली सात वर्षांच्या एका मुलीने कंपनीला पत्र लिहून तक्रार केली की, तुमच्या खेळातल्या मुली घरी बसतात, समुद्रावर जातात, खरेदी करतात, त्यांना काही काम नाही. मुलगे मात्र साहसे करतात, लोकांचे प्राण वाचवतात. एवढ्याशा पोरीने नेमके दुखणे ओळखले! त्याच वर्षी महिला शास्त्रज्ञांचा एक छोटा संच निघाला. त्यात एक खगोलशास्त्रज्ञ, एक रसायनशास्त्रज्ञ आणि एक जीवाश्मांचा अभ्यास करणारी. त्याची कल्पना भूगर्भातील रसायनांचा अभ्यास करणाऱ्या एका शास्त्रज्ञ बाईंचीच होती.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील डेबी स्टर्लिंग यांचे. अभियांत्रिकीच्या वर्गात मुली फारच थोड्या, हे त्यांना खटकले. २०१२ साली त्यांनी लोकांकडून पैसा उभारून ‘गोल्डीब्लॉक्स’ हा खेळ काढला. त्यात गोष्टीचे पुस्तक आणि जोडण्याचे तुकडे एकत्र आहेत. गोष्टीतली गोल्डी आपल्या कुत्र्याला गरगर फिरविण्यासाठी यंत्र बनवते. वाचणाऱ्या मुलीने चाके बसवायची, त्यांवरून फीत ओढून घ्यायची आणि एक चाक फिरवले की सगळी चाके फिरताना पाहायची.

भगिनींनो, हे यंत्र तुम्हास अनोळखी नाही. तुमच्या पायमशीनचे खालचे मोठे चाक आणि वरचे लहान चाक यांना जोडणारी चामड्याची वादी हेच काम करते. मोठे चाक एकदा फिरले की लहान चाक कितीतरी वेळा फिरते, म्हणून सुई भराभर चालते. पिठाच्या गिरणीतला पट्टाही तसाच. आपली लेक डोक्यावर दळण घेऊन त्या पट्ट्यासमोर रांगेत उभी राहते, पण तो कसा चालतो हे तिला कोणी सांगत नाही. पायमशीन चालविणारी बाई यंत्रच चालवीत असते. आपण मात्र त्याला ‘बायकांचे शिवणकाम’ म्हणून मोकळे होतो.

म्हणून डबा गुलाबी आहे की निळा, यावर आमचा रोष नाही. जिच्या हाती कधीच नट-बोल्ट पडला नाही, ती गुलाबी रंगामुळे डब्याला हात लावणार असेल तर लावू द्या. पण घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. जोडायचे तुकडे पुरेसे आहेत की सारे तयारच आहे? एकदा केलेले मोडून दुसरे काही करता येते काय? उत्तर ‘नाही’ असेल तर ती बाहुलीच समजावी. डब्यावर आयएसआय चिन्हही असावे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचे आहे.

‘मुलींना त्यातले कळत नाही’ असे म्हणणारे आपल्या घरातही असतात. त्यांच्यासाठी आपल्याच देशातला दाखला देतो. मेघालयात खासी समाजात वारसा धाकट्या मुलीकडे जातो. शेजारच्या कार्बी समाजात तो मुलग्यांकडे जातो. या दोन्ही समाजांतील बाराशेहून अधिक लोकांना चार तुकड्यांचे कोडे जुळवायला दिले गेले. त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. कार्बी समाजात स्त्रियांना पुरुषांपेक्षा बराच अधिक वेळ लागला. खासी समाजात असा फरक जवळजवळ आढळलाच नाही. प्रांत एक, कोडे एक. वेगळी होती ती बाईची घरातली जागा. उणीव मुलीच्या मेंदूत नसून तिला मिळणाऱ्या वागणुकीत आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आता पैशाचा प्रश्न. परदेशी डब्याची किंमत ऐकून मजुरी करणाऱ्या आईने मागे फिरावे, हे स्वाभाविक आहे. पण डब्यावाचून अडत नाही. पुण्यातील आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या शाळांसाठी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हालट्यूब यांचा खेळ तयार केला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा खेळ घरी असा करावा. काड्यांचे गुल मोठ्या माणसाने आधी खरवडून टाकावे. व्हालट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापावेत. एका तुकड्यात दोन्ही बाजूंनी काडी खुपसली की सांधा झाला. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि चार काड्यांचा चौकोन करा. मग दोन्ही दाबून पाहा. चौकोन कलतो, त्रिकोण हलत नाही. सांध्याला बाभळीच्या काट्याने मधोमध भोक पाडून तिसरी काडी घातली की घर, मनोरा, पूल असे हवे ते उभे करता येते.

हे करून झाल्यावर मुलीला एखाद्या पत्र्याच्या शेडची कैची दाखवा. वर सगळे त्रिकोणच का, हे ती स्वतः सांगेल. आपल्या जालन्याची सळई तर राज्यभर घराघरांच्या स्लॅबमध्ये जाते. ‘जालना, सोने का पालना’ असे म्हणतात. त्या पाळण्यातल्या मुलीला आपल्या गावचे लोखंड कशासाठी लागते, हे कळावयास नको काय? महिला मंडळांनी मनावर घेतले तर विहारातल्या रविवारच्या मुलांच्या वर्गात अर्धा तास या काड्यांसाठी सहज निघेल. मात्र मुलगे तुकडे हिसकावून घेतात आणि मुली बघत राहतात, असे होऊ देऊ नका. पाळी ठरवून द्या.

मुलग्यांचेही एक सांगितले पाहिजे. २०२१ साली लेगोनेच सात देशांत पाहणी करविली. दुसऱ्यांची मानली गेलेली खेळणी खेळलो तर लोक हसतील, ही भीती मुलींपेक्षा मुलग्यांना अधिक होती. मुलींत शंभरात ४२, तर मुलग्यांत ७१. तेव्हा भातुकली मांडणाऱ्या मुलग्याला हसू नका. चुलीची लाज वाटणारा पोरगा उद्या बायकोच्या हाती ओळंबा देणार नाही.

पुढची वाट थोडी तरी खुली आहे. पदविका किंवा पदवीच्या तांत्रिक शिक्षणासाठी मुलींना ‘प्रगती’ शिष्यवृत्ती आहे. आयटीआयतही मुलींसाठी जागा राखीव असतात. पण तेथवर जाण्याचे धाडस दहावीच्या निकालादिवशी अचानक येत नाही. कुकरच्या दांड्याचा स्क्रू ढिला झाला, सायकलची चेन उतरली, तर आपण दादाला हाक मारतो. यापुढे ताईला हाक मारा, आणि तिला वेळ लागला तरी पाना तिच्या हातून काढून घेऊ नका.