कापसाची बाटली आणि परसातले टोमॅटो

आमच्या बीड जिल्ह्यात कीटकनाशकाला कीटकनाशक कोणी म्हणत नाही. औषध म्हणतात. "कापसाला औषध मारलं का?" "तुरीला एक औषध घ्यावं लागतंय." आणि ह्याच जिल्ह्यात कोणी "त्यानं औषध पिलं" असं सांगितलं, की ऐकणारा आजार कुठला ते विचारत नाही. कुठल्या दवाखान्यात नेलंय ते विचारतो. एका शब्दाचे हे दोन अर्थ आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणून आजचा विषय, घरच्या टोमॅटोवरच्या अळ्या, वरवर किरकोळ वाटला तरी तो तेवढा किरकोळ नाही असं माझं मत आहे.

आता मुद्द्यावर येतो. गावाकडे घरामागे मोरीचं पाणी जातं तिथं आठ-दहा टोमॅटोची झाडं असणं ही नवी गोष्ट नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरी ओलांडून गेला, त्यानंतर तर ज्यांच्या परसात नव्हती त्यांनीही लावली. आमच्याकडेही आहेत. मी दोन-तीन आठवड्यांनी पुण्याहून घरी येतो, आणि झाडावर अळी दिसली की आईचा सल्ला ठरलेला: "आरं, कापसाचं थोडं औषध राह्यलंय देवळीत, तेच मार की जरा." आप्पांचंही तेच. आणि हे फक्त आमच्याच घरी चालतं असं समजू नका. ज्या घरात कापूस आहे त्या घरात उरलेली बाटली आहे, आणि बाटली आहे म्हणून ती उघडली जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. परसातल्या टोमॅटोवर शेतातली बाटली उघडायची नाही. का, ते सांगतो.

पहिलं कारण माझ्या धंद्यातलं आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्यात एक किस्सा फार लाडका आहे. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू संगणकाच्या एका रिलेत मेलेला पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली लिहिलं की प्रत्यक्ष बग सापडल्याची ही पहिलीच वेळ. ('बग' हा शब्द त्याआधीही वापरात होता, म्हणून तर तो विनोद झाला.) मला ह्यातलं आवडतं ते एवढंच, की त्यांनी आधी यंत्र उघडलं, किडा कुठंय ते बघितलं, आणि मग दुरुस्ती केली. आपण टोमॅटोच्या बाबतीत उलटं करतो. आधी फवारा, मग बघू काय होतं ते!

तर आधी बघू. फळाला गोल भोक आहे आणि अळीचं डोकं आत, अर्धं अंग बाहेर, असं दिसलं तर ती फळ पोखरणारी अळी. पानं चुरगळून वर वळली आणि झाड खुजं राहिलं तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा ओढल्यासारख्या दिसल्या तर नागअळी. रेघांऐवजी पांढरट पसरट डाग आणि आत काळी घाण असेल तर तो टुटा अब्सोल्युटा. हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा पाहुणा. भारतात तो पहिल्यांदा २०१४ मध्ये सापडला, तोही आपल्या महाराष्ट्रातच, पुण्याकडे. आणि कोवळ्या शेंड्यावर चिकट काहीतरी, वर मुंग्यांची रांग, तर मावा. पाच दुखणी, आणि पाचांवर एकच बाटली? चुरगळलेल्या झाडाला तर कुठल्याच बाटलीचा उपयोग नाही, कारण कीटकनाशकाने विषाणू मरत नाही. ते झाड उपटून टाकायचं, म्हणजे शेजारची वाचतात.

बरं, ती फळ पोखरणारी अळी कोण आहे माहितीये? हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. नाव परकं वाटेल, पण ओळख जुनी आहे. हरभऱ्यात हिला घाटे अळी म्हणतात. तुरीत शेंगा पोखरणारी. कापसात अमेरिकन बोंडअळी. चार पिकं, चार नावं, पण बाई एकच! आणि ती कापसावरच्या फवाऱ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली आहे. १९८७ च्या सुमारास आंध्रातल्या कापसात सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांना तिने दाद दिली नाही, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. २००२ मध्ये बीटी कापूस आला तो मुख्यतः तिच्यासाठी. पण बीटीचा गुण कापसाच्या झाडात आहे, आपल्या तुरीत, हरभऱ्यात, टोमॅटोत नाही. तेव्हा ती इकडे आहेच. जी औषधं तिने शेतात पचवली, तीच परसात मारून काय साधणार? मरतात ते ढालकिडे आणि क्रायसोपा, म्हणजे फुकटात मावा खाणारे आपले गडी.

दुसरं कारण मोजमापाचं. बाटलीवरचं प्रमाण शेतासाठी असतं. समजा दहा लिटरच्या पंपाला दहा मिली सांगितलंय. आठ झाडांना दीड लिटर पाणी पुष्कळ झालं, म्हणजे दीड मिली औषध. दीड मिली घरात कोण मोजतं? झाकणाने ओततात, आणि झाकण पाचचं आहे की दहाचं हे कोणालाच माहीत नसतं. वर "जरा कडक होऊ दे" म्हणून थोडं जास्तच. शिवाय फवारल्यानंतर किती दिवस फळ तोडायचं नाही, तो प्रतीक्षा कालावधी लेबलवर पिकानुसार दिलेला असतो. कापसाच्या बाटलीवर टोमॅटोचे दिवस नसतील तर आपण कुठला आकडा पाळणार? परसातला टोमॅटो आज संध्याकाळी फवारला तर उद्या सकाळी कोशिंबिरीत असतो. आप्पा म्हणतात, "बाजारातल्यावर काय कमी मारत्यात?" मान्य. पण बाजारात लबाडी चालते म्हणून घरात आपणच आपल्याशी करावी, हे काही पटत नाही.

तिसरं कारण सगळ्यात मोठं: ती बाटली घरात असणं. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला आपल्याकडे २००५ मध्येच बंदी आली. २०२३ मध्ये त्याच्या ३६ टक्केवाल्या द्रावणावरही बंदीचा आदेश निघाला. पण देवळीतल्या जुन्या बाटलीला राजपत्र वाचता येत नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात हेच मोनोक्रोटोफॉस होतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ते तर शेतात, रोजच्या कामात होते. आणि श्रीलंकेचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे १९९५ मध्ये अतिजहाल कीटकनाशकांच्या आयात-विक्रीवर बंधनं आली आणि १९९८ मध्ये एन्डोसल्फानवर. १९९५ ते २००५ ह्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. माणसाची दुःखं काही दहा वर्षांत निम्मी झाली नव्हती. हाताशी बाटली नव्हती एवढाच फरक. ज्या जिल्ह्यात "औषध पिलं" हे वाक्य रोजच्या बोलण्यात आहे, तिथे टोमॅटोच्या निमित्ताने का होईना, ती बाटली घराबाहेर गेली तर मला हवंच आहे. ठेवायचीच तर शेतावर, कुलुपात.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक 'शंभर टक्के नैसर्गिक' नुस्खा येतो. तंबाखूचं पाणी त्यातलंच. तंबाखूतलं निकोटीन हे जातिवंत विष आहे, ते झाडापासून आलं म्हणून गोड होत नाही. सीताफळाच्या बियांचंही तसंच. बालाघाटच्या डोंगरातलं आपलं बीडचं सीताफळ, त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बियांमध्ये किडे मारायची ताकद खरोखर आहे. पण ती पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. तेव्हा 'नैसर्गिक' ह्या शब्दाकडेही 'औषध' ह्या शब्दाइतकंच संशयाने बघावं.

मग करायचं काय? आठ झाडांना दहा मिनिटं द्यायची. दिवसाआड संध्याकाळी झाडापाशी बसून कोवळी पानं, कळ्या आणि पानांची खालची बाजू बघायची. अळी दिसली की वेचून साबणाच्या पाण्यात. किडकं फळ तोडून झाडाच्या बुडाशी टाकायचं नाही, कारण अळी त्यातून निघून मातीतच कोष करते आणि पुन्हा पतंग होऊन येते. कोंबड्या असतील तर त्यांना घाला, खूश होतात :) माव्याला पाण्याचा जोरदार फवारा बहुतेक वेळा पुरतो. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोपं लहान असताना ती बारीक नायलॉन जाळीखाली वाढवा. झेंडू लावा, पण त्याचं काम समजून घ्या. झेंडूने पतंग पळून जात नाही, उलट तो झेंडूकडे ओढला जातो आणि अंडी तिथं घालतो. म्हणजे झेंडू हे सापळा पीक झालं, आणि सापळा तपासावाही लागतो. आणि फवारायचंच असेल तर ५० ग्रॅम निंबोळ्यांचा चुरा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारा. उन्हात त्याचा गुण लवकर जातो. लहान अळ्यांवर तो चालतो. फळात शिरलेल्या थोराड अळीवर नाही, तिला बोटंच लागतात. ओळख पटत नसेल तर पान तोडून पिशवीत घाला आणि अंबाजोगाईच्या किंवा गेवराई तालुक्यातल्या खामगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. दुकानदाराला विचारलंत तर तो बाटलीच देणार, त्याचा धंदाच तो आहे.

ह्यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे: एवढं करूनही दहातले दोन टोमॅटो अळी खाणारच. खाऊ द्या की! नारायणगावच्या बाजारात माल नेणाऱ्या शेतकऱ्याला भोक पडलेलं फळ परवडत नाही. त्याचा व्यापारी क्रेट परत करतो, त्याचं कर्ज डोक्यावर असतं. त्याला मी परसातून उपदेश करणार नाही. पण आपल्या घरच्या टोमॅटोचं ग्रेडिंग कोण करतंय? भोकाचा भाग चाकूने काढला की उरलेला आमटीत जातो. आठ झाडांमागे आठवड्याला चार टोमॅटो, ही किंमत मला तरी स्वस्त वाटते. तेवढ्यासाठी पोरंबाळं फिरतात त्या घरात विषाची बाटली सांभाळायची, हा हिशोब कुठल्याच बाजूने बसत नाही.

असो. आता तुरी फुलोऱ्यात आल्या की पतंग परसाकडे वळतीलच. त्याआधी देवळ्या तेवढ्या बघून घ्या.