चषक नको, प्रमाणपत्र द्या

आमच्या वस्त्यांत पुढारी रात्रीच्या टेनिस बॉल क्रिकेटवर पैसा उधळतात. माझा साधा सवाल आहे: त्या चषकावर किती मुलांना कॉलेजात प्रवेश मिळाला? दिल्ली विद्यापीठात खेळाडूंसाठी कोटा आहे, पण तिथे मान्यताप्राप्त स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतले ५ टक्के आरक्षणही गल्लीतल्या चषकावर मिळत नाही.

गरिबाचे पोर चपळ आहे. त्याला शालेय स्पर्धांत उतरवा, प्रवासखर्च द्या, प्रवेशाचा अर्ज भरून द्या. मुलींनाही हेच हवे. त्यांना मैदान नाकारणारे त्यांची पदवीही हिरावून घेतात. दिव्यांच्या झगमगाटाचा पैसा आधी फीसाठी द्या, मग मते मागायला या.