कौदीवरचं नाव

कानडीत कौदी, मराठीत गोधडी किंवा वाकळ. आपल्या घरांत सगळेच शब्द चालतात. माझ्या सासूबाई कौदी म्हणायच्या, आई वाकळ म्हणायची, पांघरूण तेच. या पांघरुणापायी मी विमानात बसेन, असं मात्र कधी वाटलं नव्हतं. भाची इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ राहते. "मावशी, इथं ऑगस्टात गोधड्यांची जत्रा भरते, तेव्हाच ये," असं तिनं दोन वर्षं लावून धरलं. शेवटी गेले.

'फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्स' २००३ पासून भरतो. चार दिवस, एनईसी नावाच्या प्रचंड प्रदर्शन केंद्रात. सौंदत्तीची जत्रा डोळ्यांसमोर आणा, फक्त भंडारा नाही आणि आरडाओरडा नाही. दुकानं मात्र तशीच, रांगेनं. तिथं नवंकोरं कापड विकत घेतात, त्याचे तुकडे करतात आणि मग ते तुकडे पुन्हा जोडतात. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं असतं.

एका बाईंना मी बेळगावची असं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "म्हणजे कवंदीच्या गावाजवळची?" मी चाटच पडले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड आणि आपल्या खानापूर तालुक्यातले सिद्दी लोक. त्यांच्या बायका शिवतात ती कवंदी. कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत मध्यापर्यंत शिवत जायचं, आणि कोपऱ्यांवर कापडाची छोटी फुलं लावायची. २०११ साली न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये या कवंद्यांचं प्रदर्शन झालं, आणि आता तिकडच्या बायका तो टाका शिकतात. खानापूरला बाजारात आपल्या शेजारी उभ्या राहणाऱ्या या बाईला आपण किती ओळखतो? बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २०२० साल उजाडलं.

पांढरे हातमोजे घातलेली एक स्वयंसेविका गोधड्या उलटून पाठ दाखवत होती. पाठीवर चिठ्ठी शिवलेली असते: कुणी शिवली, कुठं, कोणत्या साली. ती चिठ्ठी माझ्या मनातून जाईना. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कौद्या आहेत, एकीवर तरी नाव आहे का?

एका बाजूला घोषणा शिवलेल्या गोधड्या होत्या. युद्ध नको, झाडं वाचवा, असं मोठ्या अक्षरांत. शिवण सुरेख, पण खरं सांगायचं तर मला त्या पटल्या नाहीत. तेवढंच सांगायचं तर रंगवलेला फलक पुरतो. महिनाभर सुई कशाला चालवायची? त्यापेक्षा चिलीतल्या बायका मला आठवल्या. १९७३ साली तिथं लष्करानं सत्ता घेतली आणि माणसं नाहीशी व्हायला लागली. त्यांच्या आया-बायका चर्चच्या आश्रयानं एकत्र बसून गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवू लागल्या. काहींनी हरवलेल्या माणसाचेच कपडे वापरले. पाठीमागं छोटा खिसा, त्यात चिठ्ठी. या 'आर्पियेरा' लपूनछपून देशाबाहेर गेल्या. बायकांचं शिवणकाम म्हणून सुरुवातीला कुणी त्यांच्याकडं नीट बघितलंच नाही, ही त्यांची ढाल.

आणि अमेरिकेतली एड्सची गोधडी. तिथं या रोगानं माणसं मरत होती, घरचे नाव घ्यायला तयार नव्हते, आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यावरचं पहिलं मोठं भाषण केलं ते १९८७ च्या मे अखेरीला. सान फ्रान्सिस्कोतल्या क्लीव्ह जोन्स यांना कल्पना सुचली १९८५ च्या एका मेणबत्ती मोर्चात. मेलेल्यांची नावं लिहिलेले फलक लोकांनी सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले, आणि ती भिंत त्यांना गोधडीसारखी दिसली. मग एका माणसाला एक तुकडा, तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण थडग्याएवढा. त्यावर नाव. कुणी शर्ट जोडला, कुणी जीनची पँट, कुणी लहानपणीचं खेळणं. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या मैदानावर १,९२० तुकडे अंथरले. आज ते सुमारे पन्नास हजार आहेत, वजन ५४ टन. तिथं घोषणेची गरज पडली नाही. नाव हीच घोषणा होती.

परत येताना विमानात मला आपलाच पट्टा दिसत होता. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत बेळगाव, बागलकोट, सांगली या भागात या रोगानं किती घरं पोखरली, हे आपल्याला ठाऊक आहे. आपण त्याला काय म्हणालो? टीबी. कावीळ. "अंगात ताप मुरला."

एक अक्का आहेत, कौद्या शिवणाऱ्या. गाव सांगत नाही. हे लिहू का, असं विचारूनच लिहिते आहे. मुलगा ट्रकवर होता, तो गेला. त्याचा शर्ट त्यांच्या घरातल्या कौदीत आहे, निळ्या चौकड्यांचा. मी म्हटलं, "अक्का, त्याचं नाव घालू या का कडेला?" त्या म्हणाल्या, "ब्याडा. नातीचं लग्न व्हायचंय." मी गप्प बसले. २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्यानं भेदभावाला बंदी आहे, परवानगीशिवाय नाव उघड करायलाही बंदी आहे. पण सोयरीक जमवायला येणारे कायदा वाचून येत नाहीत. नाव शिवणं हे तिकडं धाडस होतं. इथं त्या धाडसाची किंमत नातीनं भरायची, तर ते मागणारी मी कोण?

मोबाईलवर मी त्यांना त्या मैदानाचे फोटो दाखवले. बराच वेळ बघितले त्यांनी. बोटानं मोठं करून एका तुकड्यावर थांबल्या. तिथं अख्खा शर्ट लावला होता.

"बटणं काढली न्हाईत बघा," म्हणाल्या. "आम्ही काढतो. पोरास्नी टोचत्यात."

फोन परत दिला आणि सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "त्याची बटणं हायत माझ्याजवळ."