वर्तमानपत्र न आलें तर काय चुकतें?

हल्लीं पालकांच्या तोंडीं एकच तक्रार वारंवार ऐकूं येते कीं, मुलें मोबाइलमध्यें डोकें खुपसून बसतात. वर्तमानपत्रास मात्र हात लावीत नाहींत. तक्रार खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अमुक साधन मुलाचें काय नुकसान करतें, एवढेंच विचारून भागणार नाहीं. मूल त्या साधनापाशीं काय मागावयास जातें, हें आधीं पाहिलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

ह्या बाबतींत न्यूयॉर्क शहराची एक जुनी हकीकत ऐकण्याजोगी आहे. इ. स. १९४५ च्या उन्हाळ्यांत तेथें वर्तमानपत्रें पोहोंचविणाऱ्या कामगारांनीं संप केला आणि सुमारें अडीच आठवडे मोठमोठीं दैनिकें लोकांच्या हातीं पडेनाशीं झालीं. जपानशीं युद्ध अद्यापि चालूं होतें. बातम्या देण्यास रेडिओ होताच. बर्नार्ड बेरेल्सन ह्या संशोधकानें त्या दिवसांत घेतलेल्या नागरिकांच्या मुलाखतींचा अभ्यास करून तो १९४९ सालीं प्रसिद्ध केला. वर्तमानपत्र अत्यावश्यक आहे, असें जवळजवळ प्रत्येकानें सांगितलें. पण कोणती महत्त्वाची बातमी चुकली असें खोदून विचारतांच बहुतेकांस एकहि सांगतां येईना! मग चुकलें तें काय? कोणास रेडिओचे कार्यक्रम व सिनेमाच्या वेळा पाहावयाच्या होत्या. कोणास चार मंडळींत बोलावयास विषय हवा होता. कोणास प्रपंचाच्या कटकटींतून घटकाभर सुटका. कित्येकांस तर हातीं कांहींतरी छापील असल्यावांचून चैन पडेना. त्यांनीं घरांतलीं जुनीं मासिकेंच पुन्हां वाचून काढलीं. मुलांच्या चित्रकथा चुकूं नयेत म्हणून महापौर ला ग्वार्डिया ह्यांनीं त्या स्वतः रेडिओवरून वाचून दाखविल्या. एवढ्या मोठ्या शहराच्या कारभाऱ्यानें मुलांची ही गरज क्षुद्र मानली नाहीं, ह्याचें आम्हांस कौतुक वाटतें.

हर्टा हर्झोग ह्या विदुषीनें अमेरिकेंतील रेडिओवरच्या दिवसां लागणाऱ्या मालिका ऐकणाऱ्या स्त्रियांविषयींचा अभ्यास १९४४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतहि असेंच आढळलें. करमणूक तर होतीच, पण कित्येक जणी त्या कथांतून आपल्या संसारांतील अडचणींवर सल्ला घेत असत. (ज्या घरीं रात्रीची मालिका कधीं चुकत नाहीं, तेथील वडील मंडळींनीं रागावूं नये!)

आतां आपल्या घरांकडे पाहूं. एकच मोबाइल, पण एक मूल त्यावर गणिताची रीत शोधतें, दुसरें दूर राहाणाऱ्या मावसभावाशीं बोलतें, आणि तिसरें परीक्षेच्या धास्तीपासून लपावयास तेथें जातें. तिघांच्या हातून तो सारख्याच रागानें हिसकावून घेतल्यास पहिल्या दोघांवर अन्याय होतो, आणि तिसऱ्याची धास्ती तशीच राहाते. तें दुसरा आडोसा शोधील. शिवाय वर्तमानपत्र आपण मुलापुढें काढ्यासारखें ठेवतों, आणि स्वतः मात्र आधीं क्रिकेटचें पान नाहींतर राशिभविष्य उघडतों!

गरज खरी म्हणून साधन निर्दोष, असें मात्र कोणीं समजूं नये. वर्तमानपत्रास शेवटचें पान असतें. मोबाइलवर एकामागून एक येणाऱ्या चित्रफितींस तें नसतें, आणि तें नसावें अशीच त्यांची योजना केलेली असते. घटकाभर विसाव्यास गेलेलें मूल तेथें दोन तास अडकतें, तेव्हां सारा दोष त्याच्या पदरीं घालणें आम्हांस पटत नाहीं.

येत्या सुटींत आमच्या विद्यार्थ्यांनीं एक दिवस मोबाइल बाजूस ठेवावा व काय काय चुकलें तें प्रामाणिकपणें कागदावर लिहावें. पालकांनींहि त्याच दिवशीं तसेंच करावें, आणि रात्रीं जेवणानंतर दोन्ही कागद एकमेकांस वाचून दाखवावे.