वरच्या थराचे मोल

ऑगस्ट २०२५ मध्ये, दहीहंडीस अद्याप काही दिवसांचा अवकाश असता, मुंबईत दहिसर येथे मनोऱ्याच्या सरावात वरच्या थरावरून पडून एक ११ वर्षांचा मुलगा मरण पावला. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, हळहळही व्यक्त झाली. आणि आठवडा उलटण्यापूर्वीच ठाण्यात दहा थरांच्या विक्रमाचा जयघोष झाला. हळहळ आणि जयघोष यांचे हे सख्य आम्हांस अस्वस्थ करते.

नियम नव्हता म्हणून हे घडले, असे कोणी म्हणू नये. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांना मज्जाव केला आणि मनोऱ्याच्या उंचीस २० फुटांची मर्यादा घातली. पुढे सर्वोच्च न्यायालयात ही बंधने कधी स्थगित झाली, तर कधी कायम राहिली. अखेर २०१७ मध्ये, १४ वर्षांखालील मुले मनोऱ्यात असणार नाहीत, अशी हमी शासनाने उच्च न्यायालयास दिली. उंचीचे बंधन मात्र सुटले. २०२२ मध्ये दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा मिळाला व मृत्यू झाल्यास १० लाख रुपयांचे साहाय्य जाहीर झाले.

खेळ म्हटला म्हणजे नियम आलेच. कुस्तीत वजनगट असतात ते दुबळ्याच्या रक्षणासाठी. येथे न्याय नेमका उलटा आहे : मूल जितके लहान आणि हलके, तितके ते वरच्या थरास अधिक योग्य! बक्षीस थरांच्या संख्येवर ठरते, आणि शेवटचा थर त्या कोवळ्या जिवाच्या खांद्यांवर चढतो. साहाय्याची रक्कम ही पडल्यानंतरची तजवीज होय. रक्षण पडण्यापूर्वी करावयाचे असते.

परंपरेचा आधार घेणाऱ्यांनी स्पेनमधील कातालोनियाकडे पाहावे. तेथेही मानवी मनोऱ्यांची जुनी परंपरा आहे आणि शिखरावर मूलच चढते. २००६ मध्ये मातारो गावी एका मुलीचा पडून अंत झाला, आणि त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांच्या मस्तकी शिरस्त्राण आले. म्हणून त्या परंपरेचे तेज उणावले काय? २०१० मध्ये युनेस्कोने तिचा गौरवच केला.

मुंबई-ठाण्यात निदान न्यायालयाची नजर आहे आणि वृत्तपत्रांचा धाक आहे. परंतु ही हौस आता जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळासारख्या गावात उद्या कोणी हंडी बांधली, तर वर चढणाऱ्या पोराचा जन्मदाखला कोण पाहणार? डोक्यास मार लागल्यास मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय अशा गावात नसते, आणि वाटेत गेलेला प्रत्येक तास घातक ठरतो. तेव्हा तेथील सरपंच, मुख्याध्यापक आणि पोलीस यांनी सरावाच्या पहिल्याच दिवशी एकत्र बसून वय तपासावे. शिरस्त्राण आणि खाली जाड गाद्या यांवाचून एकही थर लावू देऊ नये. नियम हंडीच्या दिवसापुरता असून भागत नाही, हे दहिसरने दाखविले आहे.

शासनाने आपली हमी सरावासही लागू करून तिच्या भंगाबद्दल आयोजकांस जबाबदार धरावे. बक्षिसे केवळ थरांवर न ठेवता सुरक्षित उतरण्यावरही ठेवावीत. परंतु सारा भार शासनावर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही. वर्गणी आपण देतो आणि सज्जातून टाळ्याही आपणच वाजवितो. जेथे स्वतःच्या मुलास चढविण्यास आपले मन धजणार नाही, तेथे दुसऱ्याच्या मुलास चढलेले पाहून आनंद मानणे सुसंस्कृत समाजास शोभत नाही. गोविंदाचा उत्सव अवश्य व्हावा. मात्र त्यातले बाळगोपाळ सुखरूप घरी परतलेच पाहिजेत.